शिट्टी सोडू का नोकरी?

"नोकरी आणि आवड दोन्ही कसं सांभाळू?" असं विचारत माझ्याकडे समुपदेशनाला येणारे बहुतेक जण वेळेचं गणित घेऊन येतात. दर्यापूर तालुक्यातले एक सरही तसेच आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सर विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कक्षात आहेत. मेळावे, देणग्या, नॅकसाठी (विद्यापीठाच्या मूल्यांकनासाठी) लागणाऱ्या नोंदी, सगळं तेच बघतात. सोयाबीन निघालं की गावोगावी कबड्डीचे खुले सामने लागतात; तेव्हा रात्री ते पंच असतात. "मॅडम, दोन डगरींवर पाय ठेवला का मानूस पडतेच. शिट्टी सोडू का नोकरी?"

जागरण होतं, घरची कुरकुरही होती. पण ती वर्षानुवर्षांची. मग झोप आत्ताच का उडाली?

एका अटीतटीच्या सामन्यात त्यांनी चढाईपटूला बाद दिलं होतं. कोणाला स्पर्श व्हायच्या आधीच त्याचा पाय राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, पडला होता. सांगताना सरांनी माझ्या टेबलावर बोटाने रेषा ओढली, "इथं होता पाय मॅडम, इथं!" त्या संघाचा खर्च करणारे गृहस्थ विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, ग्रंथालयाला देणगी द्यायचं कबूल केलेले. त्यानंतर त्यांनी सरांचा फोन उचलला नाही.

दिवसा ज्यांची मनं सांभाळायची, रात्री त्यांच्याच विरोधात शिट्टी वाजवायची. सर थकले होते ते या ओढाताणीने. अशा वेळी वेळापत्रक कितीही बदललं तरी उपयोग होत नाही.

मानधन घेत असल्यामुळे कार्यालयाची लेखी परवानगी काढायची आणि मेळाव्याच्या आठवड्यात सामने घ्यायचे नाहीत, हे लगेच ठरलं. अवघड होतं ते पुढचं: देणगीदाराचा संघ असेल तर आयोजकांना आधीच सांगून बाजूला व्हायचं. "लोकं म्हनतीन, घाबरला." मग आयोजकांना सांगायचं वाक्य आम्ही मोठ्याने म्हणून पाहिलं: "भाऊ, या टीमशी माह्या कामाचा संबंध हाये, दुसरा पंच पाहा." तिसऱ्यांदा म्हणताना आवाज स्थिर झाला. मला ही तालीम फार मोलाची वाटते. ऐन मैदानावर शब्द सुचत नाहीत.

सर आता दोन्ही कामं करतात. देणगीचं अजून काही कळलेलं नाही. यंदाच्या मेळाव्याचं निमंत्रण ते त्या गृहस्थांच्या घरी जाऊन देणार आहेत. त्या निर्णयाबद्दल माफी मात्र मागायची नाही, एवढं ठरलंय. विषय निघालाच तर काय बोलायचं, ते पुढच्या भेटीत बघू.