काच खाली करायची नाही म्हणजे नाही!

प्रश्न : ताई, आम्ही पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीतून सफारी पार्कला जातोय, सोबत दोन मुलं, आठ वर्षांचा आणि चार वर्षांची. आमचे हे म्हणतात तिथले वाघ-सिंह माणसाळलेले असतात, काच जराशी खाली केली तर काही होत नाही आणि फोटो छान येतात. मला धाकधूक वाटते. आणि माकडं गाडीची वाट लावतात म्हणे, खरं का?

उत्तर : तुमचं बरोबर आहे, हे उत्तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ते प्राणी माणसाळलेले नसतात हो, गाड्यांना सरावलेले असतात, आणि ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रोज शेकडो गाड्या बघून सिंहाला गाडी म्हणजे नुसता एक सरकणारा ठोकळा वाटायला लागतो, पण त्यातून हात बाहेर आला किंवा कोणी खाली उतरलं की संपलं. २०१५ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या एका पार्कात काच उघडी होती म्हणून सिंहिणीने गाडीतल्या पर्यटक बाईचा जीव घेतला. २०१६ मध्ये बीजिंगजवळ बादालिंगला एक बाई वाघांच्या भागात गाडीतून उतरली, वाघाने तिला ओढत नेलं, ती कशीबशी वाचली पण तिला सोडवायला धावलेली तिची आई गेली. त्यामुळे आत शिरायच्या आधीच मागच्या दारांचं चाइल्ड लॉक आणि ड्रायव्हरकडचं विंडो लॉक दोन्ही लावा, चार वर्षांच्या पोरीला ते बटण दिसलं की ती दाबणारच. आणि बाथरूमला सगळ्यांनी आधीच जाऊन या, आत गेल्यावर "मम्मी, लागली" ह्याला काही उपाय नाही!

फोटोसाठी काच आदल्या दिवशी आतून-बाहेरून पुसा, फ्लॅश बंद ठेवा आणि मोबाइल काचेला अगदी चिकटवून धरा, मग आतलं प्रतिबिंब येत नाही. बहुतेकांचे फोटो बिघडतात ते काचेमुळे नाही, लांबून धरल्यामुळे.

माकडांचं अगदी खरंय. एका पार्कात आमच्या बॉनेटवर एक मोठं माकड येऊन बसलं, वायपर उचलला, वास घेतला आणि शेंग सोलावी तसं त्याचं रबर एका टोकापासून सावकाश सोलून काढलं, मग ते तोंडात धरून आमच्याकडेच बघत बसलं आणि आम्ही आत चौघं हसावं की रडावं अशा अवस्थेत. परत येताना पाऊस लागला हे सांगायला नकोच. इंग्लंडमधल्या नोज्ली पार्कातले बबून तर टपावरचे सामानाचे बॉक्स उघडण्यात इतके पटाईत की २००९ मध्ये त्याच्या बातम्या झाल्या. गाडी नवी असेल तर माकडांचा भाग टाळून जायचा रस्ता आहे का ते गेटवरच विचारा, आणि टपावर काही बांधू नका.

एक मात्र सांगते. सगळे जण हरणं, झेब्रे "बघितले बघितले" करत मागे टाकतात आणि सिंहापाशी तासभर रांग लावतात, तर सिंह दिवसातले अठरा-वीस तास झोपतो. तुम्हाला पाठच दिसायची. सिंह बघायचे तर गेट उघडल्या उघडल्या जा, आणि दुपारी चरणाऱ्या प्राण्यांपाशी थांबा. जिराफाची जीभ जवळजवळ दीड फूट असते, काळपट-जांभळी, ती काचेवरून फिरली की लाळेचा पट्टा उमटतो, मुलं वर्षभर तेच सांगत बसतील बघा.

प्रश्न : आमची गाडी जुनी आहे, रांगेत इंजिन तापतं. आत बंद पडली तर?

उत्तर : उतरायचं नाही, बॉनेट उघडायचं नाही. हॅझर्ड लाइट लावा, हॉर्न वाजवा, पार्कची गस्तीची गाडी येते आणि ओढून नेते, त्यांना ह्याची सवय असते. इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला की एसी बंद करा आणि हीटर फुल्ल सोडा, इंजिनची उष्णता आत खेचली जाते. काचा बंद आणि वर हीटर, घामाने न्हाऊन निघाल, पण गेटपर्यंत पोचाल. इंजिन थंड ठेवणारं कूलंट मात्र घरून निघतानाच बघा.