उंदीर बरा झाला, मग बाबांना का नाही?

प्रश्न: बाबांना पार्किन्सन्स होऊन बरीच वर्षं झाली, आता गोळीचा असर पण लवकर उतरतो. स्टेम सेलने उंदीर, माकडं बरी झाली असं वाचलं. मग माणसांना का देत नाहीत? आणि उंदीर बरा झाला हे कळतं तरी कसं?

उत्तर: आधी उंदराचं बघू, अर्धं उत्तर तिथेच आहे. उंदराला हा आजार आपोआप होत नाही, तो करावा लागतो. मेंदूच्या एकाच बाजूला ६-हायड्रॉक्सीडोपामिन नावाचं विष टोचतात, तिथल्या डोपामिन (हालचालीला लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरतात, पार्किन्सन्समध्येही ह्याच मरतात, मग अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक औषध दिलं की चांगल्या बाजूलाच डोपामिन सुटतं आणि उंदीर मेलेल्या बाजूकडे गरागरा फिरत सुटतो, अन् मिनिटाला किती फेऱ्या ते मोजत बसायचं. नंतर स्टेम सेलपासून, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या कच्च्या पेशींपासून, वाढवलेल्या कोवळ्या डोपामिन पेशी मेंदूत सोडतात. मानवी पेशी असतील तर तयार व्हायला काही महिने जातात, मग हळूहळू फेऱ्या कमी. बरा झाला म्हणजे बहुतेक वेळा एवढंच!

माकडांचं काम जास्त वजनदार आहे. २०१७ मध्ये जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या संशोधक ताकाहाशींच्या टीमने आयपीएस पेशींपासून (माणसाच्या साध्या पेशी मागे वळवून बनवलेल्या स्टेम सेल) केलेल्या डोपामिन पेशी माकडांना दिल्या, हालचाल सुधारली, दोन वर्षांपर्यंत बघूनही ट्यूमर नाही. ही भीती उगाच नसते, कच्च्या स्टेम सेल राहिल्या तर गाठ होऊ शकते.

पण प्राण्यात विष एकदा दिलं की नुकसान तिथेच थांबतं, माणसात आजार चालूच राहतो. २००८ मध्ये दिसलं की दहा-पंधरा वर्षांपूर्वी रुग्णांच्या मेंदूत बसवलेल्या भ्रूणपेशींमध्येसुद्धा पार्किन्सन्सच्या लेवी बॉडीज (पेशीत साचणाऱ्या प्रथिनांच्या गुठळ्या) तयार झाल्यात. शिवाय बद्धकोष्ठता, विसरभोळेपणा असल्या तक्रारींना उंदराच्या फेऱ्यांमध्ये जागाच नाही.

आणि माणसांना देतच नाहीत असं नाही हं. २०२५ मध्ये दोन छोट्या ट्रायल छापून आल्या, जपानची ७ जणांची आणि अमेरिका-कॅनडाची १२ जणांची. पेशी टिकल्या, गाठी झाल्या नाहीत, काहींची हालचाल सुधारली, पण तुलनेला दुसरा ग्रुप नव्हता, त्यामुळे किती फरक खरा ते यावरून ठरवता येत नाही.

कुणी पोटाच्या चरबीतून पेशी काढून सलाईनमधून चढवतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, वरच्या प्रयोगांत पेशी थेट मेंदूत सोडल्यात आणि त्या वेगळ्याच पेशी आहेत. गोळी लवकर उतरत असेल तर डोस, वेळा आणि डीबीएस (मेंदूत बारीक तार बसवून हलका विद्युतप्रवाह देण्याची शस्त्रक्रिया) यावर न्यूरॉलॉजिस्टशी आत्ताच बोला.