दंडारीच्या (विदर्भातलं लोकनाट्य) गाण्याचा व्हिडिओ मोबाईलवर शूट केलाय, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

केडेनलाईव्ह घ्या. फुकट आहे, वॉटरमार्क नाही, प्रॉक्सी (एडिटिंगपुरती क्लिपची हलकी प्रत) चालू ठेवली की ८ जीबीवर चालतं. दाविंची रिझॉल्व्हमध्ये रंगकाम सरस, पण त्याला १६ जीबी लागते.

खरी अडचण ओठ जुळण्याची. मोबाईल फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त करतो, म्हणून मुखड्याला जुळलेले ओठ शेवटच्या कडव्यात मागेपुढे होतात. आधी क्लिप हँडब्रेक या फुकट कन्व्हर्टरमधून ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम), 'कॉन्स्टंट फ्रेमरेट'वर काढा. मग केडेनलाईव्हमध्ये स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर राइट-क्लिक करून 'सेट ऑडिओ रेफरन्स', क्लिपवर 'अलाइन ऑडिओ टू रेफरन्स'. ते दोन्हींतले आवाज ताडून जुळवतं. धानाच्या बांधीत (शेतात) शूट करताना स्पीकरवर लावलेलं गाणं वाऱ्यानं दबलं असेल तर हे फसतं. तेव्हा ढोलकीच्या थापेचा वेव्हफॉर्ममधला (आवाजाच्या आलेखातला) उंच सुळका पाहून हातानं जुळवा.