‘गद्दार’ ओळखू येतो, ‘गट’ ओळखू येत नाही

प्रश्न : जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, तेव्हापासून आमच्या घरातला वाद मिटलेला नाही. वडिलांच्या दैनिकात ‘बंडखोर’, मी पाहतो त्या वाहिनीवर ‘उठाव’ आणि सभांमध्ये ‘गद्दार’! असे शिक्के मारून माध्यमे आपले मत आधीच ठरवून टाकतात का? त्यांनी हे शब्द वर्ज्य करावेत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण दिलेल्या शब्दांपैकी ‘गद्दार’ हा मला सर्वांत कमी धोक्याचा वाटतो, कारण तो कोणाच्या तोंडचा आहे हे कोणालाही सांगावे लागत नाही. ‘सामना’त ‘मिंधे गट’ असे छापून येते तेव्हा आपण एका पक्षाचे मुखपत्र वाचत आहोत याची वाचकाला जाणीव असते. एकनाथ शिंदे यांनी २०२२ च्या दसरा मेळाव्यात आपली कृती गद्दारी नसून ‘गदर’ (म्हणजे उठाव) असल्याचे सांगितले, तेही ऐकणाऱ्याने बाजू ओळखूनच ऐकले. ‘बंड’ आणि ‘उठाव’ यांतली ओढाताण तर मराठी वाचकाला १८५७ पासून परिचयाची आहे.

खरी गोम ‘गट’ या साध्यासुध्या दिसणाऱ्या शब्दात आहे. सुरुवातीला बहुतेक बातम्यांत एका बाजूला ‘शिवसेना’ आणि दुसऱ्या बाजूला ‘शिंदे गट’ असे लिहिले जाई. म्हणजे मूळ पक्ष कोणता आणि त्यातून फुटून निघालेले कोण, याचा निवाडा निवडणूक आयोगाच्या आधी उपसंपादकाने करून टाकलेला असे. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना दिले आणि पाटी फिरली; ‘शिवसेना’ आणि ‘ठाकरे गट’ अशी नवी जोडी रूढ झाली, वास्तविक त्या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले होते. या दोन्ही काळांत वाचकाला कोणी शिवी दिली नाही, कोणी चिथावले नाही, आणि म्हणूनच तो सावध झाला नाही.

यात प्रत्येक वेळी कारस्थानच असते असे मी म्हणणार नाही. ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’ हे अधिकृत नाव एका कॉलमच्या मथळ्यात कसे बसवायचे, हा रात्री पान सोडायच्या घाईत असलेल्या माणसाचा खरा प्रश्न असतो. तिथे ‘ठाकरे गट’ हे दोन शब्द चपखल बसतात, आणि आणखी आखडायचे झाले तर ‘उबाठा’, जो विरोधक हिणवण्यासाठीच वापरतात. वाहिनीच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीत तर अवतरणचिन्हेही गळून पडतात आणि नेत्याचा शब्द वाहिनीचा स्वतःचा होऊन बसतो.

तरीही शिक्क्यांनी मत पूर्णपणे घडते हा आपला तर्क मला मान्य नाही. ‘गद्दार’ हा शब्द २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत गाजला. लोकसभेला ठाकरे यांच्या पक्षाला ९ आणि शिंदे यांच्या पक्षाला ७ जागा मिळाल्या, तर काही महिन्यांतच विधानसभेला हेच आकडे २० आणि ५७ झाले. शब्द तोच राहिला आणि निकाल उलटला, त्यामागे उमेदवार, युती, लाडकी बहीण योजना अशी अनेक कारणे सांगितली जातात. ज्याचे मत पक्के आहे त्याला शिक्का फक्त भांडायला दारूगोळा पुरवतो. जो मथळ्यापलीकडे जात नाही, त्याच्यावर मात्र त्याचा अंमल चालतो.

शब्द वर्ज्य करण्याच्या मी विरुद्ध आहे, कारण नेते जे बोलले ते वाचकाला कळलेच पाहिजे. मात्र ते अवतरणात आणि बोलणाऱ्याच्या नावासह यावे, आणि पक्षाच्या नावाचाच वाद न्यायालयात असेल तिथे मथळ्यात पक्षाऐवजी सरळ नेत्याचे नाव द्यावे. ‘शिंदे’ किंवा ‘ठाकरे’ एवढेच लिहायला ‘गट’ जोडण्यापेक्षा जागाही कमीच लागते.