सरकारला नावं ठेवणारे आपण स्वतः साधे नियम का पाळत नाही?

तुम्ही विचारलंय की कचरा दिसला, खड्डा दिसला की पालिकेला शिव्या घालणारी शिकलेली माणसं स्वतः नियम का पाळत नाहीत. माझ्या मते कारण सरळ आहे, आपण मोडलेल्या नियमाची किंमत आपल्याला मोजावीच लागत नाही, ती दुसरंच कुणीतरी मोजतं.

मी पुण्यात राहतो. आमच्याकडे रोज सकाळी कचरा न्यायला एक मावशी येतात. ओला सुका वेगळा द्यायचा हे केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा नियमांतच स्पष्ट लिहिलं होतं, ते पुण्यात कुणाला माहीत नाही असं नाही, तरी आमच्या बिल्डिंगमधून निम्मा कचरा एकाच पिशवीत यायचा. आणि त्यात आमच्या घरचाही असायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. ऑफिसला उशीर होतोय, कोण निवडत बसणार, असं म्हणून मी सगळं एकत्र भरून ठेवायचो. मग मावशी गेटपाशी उकिडव्या बसून हाताने ते वेगळं करायच्या, भाताच्या खरकट्यातून दुधाच्या पिशव्या काढायच्या, कुणाचे डायपर उघडेच टाकलेले ते बाजूला करायच्या. मी रोज गाडी काढताना त्यांच्या शेजारून जायचो.

एक दिवस त्यांच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली दिसली, रक्त झिरपत होतं. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "काच लागली दादा, ओल्यात होती." बाजूला तो तुकडा ठेवला होता, निळ्या फुलांचा. आदल्या रात्री माझ्या हातून फुटलेला बाउल होता तो. त्या क्षणी मला इतकी लाज वाटली की काय सांगू. मी त्यांना तिथेच सांगितलं की तो माझा होता, डॉक्टरकडे घेऊन गेलो, इंजेक्शन घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या की काच वेगळी कागदात बांधा आणि हातात देताना सांगा. बस. त्यांचं मागणं तेवढंच होतं.

आता हेच जरा मोठं करून बघा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं शहराजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांत नेऊन टाकला, तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, लोक दुर्गंधीत जगले. 2017 च्या उन्हाळ्यात तिथल्या कचरा डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा शहरात ढीग साचले आणि आपल्याला अचानक वास यायला लागला. तेव्हाही आमच्या ग्रुपवर ढिगांचे फोटो आणि पालिकेच्या नावाने बोटं मोडणं चालू होतं, आमचा कचरा आम्ही वेगळा करूया असं एकानेही लिहिलं नाही, मी पण नाही. पालिकेची चूक नाही असं मी म्हणत नाही, ती विचारायलाच हवी, पण मिसळलेल्या कचऱ्याचं धड खत होत नाही आणि तो मिसळतो आपल्याच ओट्यापाशी.

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं बोललो. एक काका म्हणाले, "महिन्याचे पैसे देतो ना आपण?" मला वाटतं सगळी गडबड याच वाक्यात आहे. आपण पैसे कचरा उचलण्याचे देतो, आपला हलगर्जीपणा कुणीतरी हाताने निवडावा म्हणून नाही. टॅक्स भरतो म्हणून सिग्नल तोडायचा परवाना मिळतो का?

आमच्या घरी आता दोन डबे आणि फुटक्या वस्तूंसाठी जुना खोका आहे, डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढतो म्हणजे मावशींना न उघडता कळतं. दिवसाला पाच मिनिटंसुद्धा जात नाहीत. त्या काकांकडूनही मागच्या आठवड्यात पहिल्यांदा दोन डबे आले, सुक्याच्या डब्यात उरलेली आमटी ओतलेली होती. मी वर जाऊन परत समजावून सांगितलं, काकूंनी डबा तिथेच धुवून दिला.