आधी चौकात उभी राहा, मग कोष्टक उघड

वाहतूक नियोजनात नवीन लागलीस आणि काय वाचू म्हणून विचारलंस, फार बरं वाटलं. सुरुवात इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकांपासून कर. फलकांसाठी आयआरसी ६७, रस्त्यावरच्या पट्ट्यांसाठी ३५, सिग्नलसाठी ९३. ही हाताशी असू देत, पाठ करत बसू नकोस.

जीव लावून वाच ते आयआरसी १०६, शहरी रस्त्यांच्या क्षमतेवरचं. त्यात प्रत्येक वाहन किती कारइतकं धरायचं याचं कोष्टक आहे: दुचाकी म्हणजे अर्धी कार धरतात, पण एकूण वाहनांत दुचाक्या १० टक्के किंवा जास्त असल्या की ०.७५ कार. आपल्या गोव्यात दुचाक्या किती, ते तुला सांगायला नको! म्हणून म्हापशाला शुक्रवारच्या बाजारादिवशी जा, एका चौकात उभी राहून पंधरा-पंधरा मिनिटांचे गट पाडून स्वतः वाहनांची मोजणी कर. तोच चौक मंगळवारी पुन्हा मोज. मग कोष्टकातला आकडा बोलायला लागतो.

काम चालू असलेल्या रस्त्यासाठी आयआरसीचंच विशेष प्रकाशन, एसपी ५५. मी एकदा सूचनाफलक वळणाच्या फार जवळ लावला होता. पावसात दुचाकीस्वारांना ऐनवेळी ब्रेक मारावे लागले. कोणी पडलं नाही, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. तेव्हापासून फलक लावला की त्याच रस्त्यावरून स्वतः गाडी चालवून बघतो, दिवसा आणि अंधारातही.

कायद्यासाठी १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि २०१७ चे ड्रायव्हिंग विनियम पुरेत. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांची वाहतूक अभियांत्रिकीची व्याख्यानं फुकट आहेत. रोज एक ऐक, आणि अडलं की मला फोन कर.