देवघरात इतके देव आहेत, ध्यान नेमकं कोणाचं आणि कसं करायचं?

खंडोबाचा टाक (धातूच्या पत्र्यावर उठवलेली देवाची प्रतिमा), गणपती, माहेरून आलेले बाळकृष्ण-अन्नपूर्णा आणि नर्मदेतला बाण (शिवलिंग म्हणून पुजला जाणारा गोटा), एवढे देव समोर असताना मन एकावर ठरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. इंदुरातल्या पुष्कळ मराठी देवघरांत हीच मंडळी असतात.

पूजा सगळ्यांची करा, ध्यान एकाचंच. सोमवारी शंकर, बुधवारी इंदुरातल्या खजराण्याचा गणपती असं वारावर वाटलंत तर एकही रूप पक्कं होणार नाही. पंचायतनातही, म्हणजे पाच देवांच्या एकत्र मांडणीतही, देव पाच, पण इष्टदेव मध्ये. शिव मध्ये असेल तर ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती, वायव्येला देवी. विष्णू मध्ये घेतला की ईशान्येला शिव, आग्नेयेला गणपती, नैर्ऋत्येला सूर्य. देवी जागची हलत नाही.

रूप स्वतः रचू नका, त्या देवाचा ध्यानश्लोक अर्थासकट पाठ करा. शंकराच्या श्लोकात चांदीच्या डोंगरासारखी कांती, माथ्यावर चंद्र, हातांत परशू, मृग, वरमुद्रा, अभयमुद्रा आणि नेसायला व्याघ्रचर्म, एवढं सगळं दिलेलं आहे. मग पायांपासून वर जायचं. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी आपल्या आईला, देवहूतीला, हाच क्रम सांगतात: पाय, पोटऱ्या, गुडघे, मांड्या, कंबर, नाभी, छाती, हात, शेवटी मुख. पहिला आठवडाभर रोज दहा मिनिटं नुसते पायच. कंटाळवाणं आहे, पण आधीच चेहरा धरला की कॅलेंडरवरचा ओळखीचा चेहरा येऊन बसतो आणि बाकीचं अंग धूसर राहतं.

विष्णू घेणार असाल तर हात आधी ठरवा. शंख, चक्र, गदा, पद्म यांची जागा बदलूनच केशव, नारायण, माधव अशी 24 रूपं होतात, आणि हा क्रम सगळ्या ग्रंथांत सारखा नाही. एकच मूर्ती नाहीतर एकच चित्र धरा, नाहीतर रोज गदा हात बदलत राहते.

टाक ध्यानाला सोयीचा नाही; घासून घासून नाकडोळे बुजलेले असतात. उलट इंदुरातल्या देवळातला बडा गणपती सुमारे 25 फुटांचा, जवळून पाहिला तर अख्खा नजरेत मावत नाही. वीतभर मूर्ती, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला, दोन-तीन हात लांब. समई बाजूला ठेवा. समोर असली तर डोळे मिटल्यावर ज्योतीचाच ठिपका दिसतो.

कपाळ दुखायला लागलं तर तुम्ही रूप डोळ्यांनी ओढून आणताय. थांबा, श्लोक पुन्हा म्हणा. मध्येच दुसरा देव आला तर हाकलू नका. पंचायतनातल्या त्याच्या कोपऱ्यात त्याला बसवा आणि परत पायांशी या.